वाकडे पाऊल सरळ झाल्यावर

वसंत ऋतूत भरणाऱ्या या सभांतून राष्ट्राचे, धर्माचे आणि वाङ्मयाचे मोठमोठे प्रश्न आपण ऐकत असता. आज आम्ही ज्या वस्तूविषयी बोलणार आहोत ती जेमतेम वीतभर लांबीची आहे. दोन इवलेसे बूट आणि त्यांना जोडणारी एक आडवी दांडी, एवढाच तिचा पसारा. परंतु त्या दांडीवर एखादे मूल पुढे शाळेत धावत जाणार की आयुष्यभर पावलाच्या कडेवर भार देऊन लंगडत चालणार, हे पुष्कळ अंशी ठरते. आणि ती दांडी रोज बांधणे हे काम डॉक्टरांचे नसून घरातल्या माणसांचे आहे. म्हणूनच हा विषय वैद्यकीय परिषदेपेक्षा आपल्यासारख्या गृहस्थ-गृहिणींच्या सभेत मांडणे आम्हांस अधिक योग्य वाटते.

काही मुले जन्मतःच एक किंवा दोन्ही पावले आत वळलेली घेऊन येतात. टाच वर ओढलेली, तळवा आतल्या बाजूस फिरलेला, चवडा आत मुडपलेला आणि तळव्याची कमान खोल गेलेली, असे या पावलाचे चार दोष असतात. डॉक्टर याला क्लबफूट म्हणतात. आपण साधेपणाने वाकडे पाऊल म्हणू. दर हजार जन्मांमागे सुमारे एका बालकात हा दोष आढळतो. मुलींपेक्षा मुलांत तो जवळजवळ दुप्पट दिसतो आणि सुमारे निम्म्या बालकांत दोन्ही पावले वाकडी असतात. आपल्या देशात वर्षाकाठी दोन कोटींहून अधिक बालके जन्मतात. म्हणजे दरवर्षी वीस हजारांहून अधिक घरांत हा प्रश्न उभा राहतो.

दोष कोणाचा?

असे मूल जन्मले की पहिला घाव पडतो तो आईवर. ‘ग्रहणात काही चिरले असेल’, ‘पाय मुडपून बसली असेल’, ‘नको ते खाल्ले असेल’, असे बोल तिला बाळंतिणीच्या खाटेवरच ऐकावे लागतात. श्रोतेहो, यांतले एकही खरे नाही. या दोषात अनुवंशाचा काही वाटा असतो, आणि पावलाच्या आतल्या व मागच्या बाजूचे अस्थिबंध आणि कंडरा गर्भावस्थेतच आखडलेले असतात. ग्रहणातली सुरी आणि बाळाचे पाऊल यांचा काडीइतकाही संबंध नाही. आमचा आग्रह इतकाच की, आईला दोष देण्यात जो वेळ जातो तो उपचाराकडे वळवावा. कारण जन्मानंतरचे पहिले काही आठवडे या कामी सर्वांत मोलाचे असतात.

घड्याळजीच्या मुलाची पद्धत

वाकडे पाऊल हळूहळू वळवून, पट्ट्यांनी बांधून सरळ करता येते, हे ग्रीक वैद्य हिपॉक्रेटिस याने दोन हजार वर्षांपूर्वीच लिहून ठेवले आहे. उपचार लवकर सुरू करावा आणि पाऊल सरळ झाल्यावरही विशिष्ट पादत्राण घालावे, असेही तो सांगतो. परंतु विसाव्या शतकात शस्त्रक्रिया सुलभ झाली तेव्हा पाऊल उघडून सांधे मोकळे करण्याकडे डॉक्टरांचा कल वळला. पावले दिसायला सरळ झाली. पण त्यांतली पुष्कळशी मोठेपणी ताठर आणि दुखरी निघाली.

ही गोष्ट ज्यांनी हेरली ते डॉ. इग्नासियो पोन्सेटी. त्यांचा जन्म १९१४ साली स्पेनच्या मिनोर्का बेटावर, एका घड्याळजीच्या घरी झाला. स्पेनच्या यादवी युद्धात त्यांनी जखमींवर उपचार केले; १९३९ साली देश सोडून ते फ्रान्समध्ये, तेथून मेक्सिकोत आणि १९४१ साली अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात पोहोचले. बालकाच्या पावलातील हाडे बव्हंशी कूर्चेची असतात आणि अस्थिबंध हलक्या ताणाने दिवसागणिक सैल होतात, हे ध्यानी घेऊन त्यांनी हाताने पाऊल वळवण्याची आणि प्लॅस्टरने ते धरून ठेवण्याची रीत बसवली. १९६३ साली त्यांनी आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. पण जगाने त्यांच्याकडे फारसे लक्ष दिले नाही. लहानपणी उपचार झालेल्या त्यांच्या रुग्णांची तीस वर्षांनंतरची पाहणी १९९५ साली प्रसिद्ध झाली आणि ती माणसे चांगली चालत-फिरत आहेत असे दिसून आले, तेव्हा कोठे वारे फिरले. पुढे या पद्धतीचा प्रसार करण्यात डॉक्टरांइतकाच वाटा मुलांच्या आईबापांनी उचलला. २००९ साली ९५ व्या वर्षी डॉ. पोन्सेटी वारले, तेव्हा त्यांची पद्धत जगभर मान्य झाली होती. ३ जून हा त्यांचा जन्मदिवस आज जागतिक क्लबफूट दिन म्हणून पाळला जातो.

प्लॅस्टरचे आठवडे

या पद्धतीत दर आठवड्यास पाऊल थोडे वळवून बोटांपासून मांडीपर्यंत प्लॅस्टर घालतात. गुडघा काटकोनात वाकवलेला असतो. तसे नसेल तर प्लॅस्टर निसटते आणि पाऊल आतल्या आत फिरते. अशी बहुधा चार ते सात प्लॅस्टरे लागतात. एवढ्याने कमान, चवडा आणि तळवा जागेवर येतात. टाच मात्र बहुतेक बालकांत वरच ओढलेली राहते. म्हणून टाचेमागची कंडरा बारीक पात्याने कापून मोकळी करतात. जागा बधिर करून केलेले हे काम काही मिनिटांचे असते. त्यानंतरचे शेवटचे प्लॅस्टर तीन आठवडे राहते आणि तेवढ्या अवधीत कंडरा योग्य लांबीने पुन्हा सांधते.

या काळात घरच्यांनी बाळाच्या पायाची बोटे वरचेवर पाहावीत. बोट दाबले असता पांढरे व्हावे आणि सोडताच गुलाबी व्हावे. बोटे सुजली, निळसर किंवा थंड पडली, अथवा आत ओढली जाऊन दिसेनाशी झाली, तर ठरलेल्या दिवसाची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठावा. प्लॅस्टर भिजू देऊ नये. आंघोळीऐवजी अंग ओल्या फडक्याने पुसून घ्यावे.

खरी परीक्षा पुढेच

शेवटचे प्लॅस्टर निघते. पाऊल सरळ, गोंडस दिसते. आई डोळे पुसते, आजी दृष्ट काढते. आणि नेमक्या त्याच क्षणी डॉक्टर ते दांडीचे बूट पुढे करतात! ‘पाय तर सरळ झाला, आता हे लोढणे कशाला?’ असा प्रश्न घरात हटकून निघतो. तो स्वाभाविक आहे. म्हणून त्याचे उत्तर नीट समजून घेतले पाहिजे.

पाऊल सरळ झाले म्हणजे दोष मुळासकट गेला असे नव्हे. ज्या ऊती आखडल्यामुळे पाऊल वाकले त्यांची आखडण्याची प्रवृत्ती पहिली काही वर्षे टिकून असते, आणि याच वर्षांत पाऊल झपाट्याने वाढत असते. नव्याने सरळ केलेल्या वेलीला आधाराची काठी लागते, तसेच हे आहे. ब्रेस पाऊल सुधारत नाही. प्लॅस्टरने कमावलेले फक्त राखतो. पोन्सेटी पद्धतीच्या मार्गदर्शक पुस्तिकेत दिलेले आकडे बोलके आहेत: ज्या घरांत ब्रेस सांगितल्याप्रमाणे वापरला गेला तेथे शंभरांतील सहा बालकांत दोष उलटला, जेथे वापरला गेला नाही तेथे शंभरांतील ऐंशींहून अधिक बालकांत उलटला.

ब्रेसची रचना साधी आहे. दांडीची लांबी बाळाच्या खांद्यांच्या रुंदीइतकी असते. वाकडे असलेले पाऊल ६० ते ७० अंश बाहेर वळवून बसवतात. एकच पाऊल वाकडे असेल तर चांगले पाऊल ३० ते ४० अंश. दोन्ही पावले वाकडी असली तर घड्याळात दहा वाजून दहा मिनिटे झाली असता काटे जसे दिसतात तसे बूट दिसतात. दांडीला मध्ये थोडा बाक असतो, त्याने पावलांचे चवडे किंचित वर राहतात. दांडी काढून नुसते बूट घातले तर उपयोग होत नाही, कारण पाऊल बाहेर धरून ठेवते ती दांडीच.

वेळापत्रकही नेमके आहे. पहिले तीन महिने दिवसाचे २३ तास ब्रेस राहतो. उरलेला एक तास आंघोळीचा. त्यानंतर रात्रीची झोप आणि दिवसाची डुलकी मिळून १२ ते १४ तास. आणि हे चार-पाच वर्षांचे होईपर्यंत. जागेपणी मूल मोकळ्या पायांनी रांगते, उभे राहते, चालते. ब्रेसमुळे मूल पांगळे होईल ही भीती व्यर्थ आहे.

पहिल्या दोन रात्री

ब्रेस घातल्यावर पहिले एक-दोन दिवस बाळ किरकिरते, रात्री रडते. हे रडणे बहुधा दुखण्याचे नसून नवलाईचे असते. प्लॅस्टरमध्ये निदान दोन्ही पाय सुटे होते. आता एक पाय झाडावा तर दुसरा अडवतो. त्यावर उपाय खेळाचा आहे. दांडी हातात धरून दोन्ही गुडघे एकदम वाकवावे, एकदम सरळ करावे. सोबत गाणे म्हणावे. दोन्ही पाय एकत्र हलवायचे हे बाळाला एकदा उमगले की ते आपणहून दांडी उडवू लागते. दांडीला कापड किंवा स्पंज गुंडाळावा, म्हणजे बाळाला, उचलणाऱ्याला आणि घरातल्या भांड्याकुंड्यांना मार बसत नाही.

याच दोन रात्रींत बहुतेक घरे हरतात. बाळ रडते, आजीचे काळीज हलते, ती म्हणते, ‘सोड गं, आजच्या रात्रीपुरते.’ आजीच्या मायेविषयी आम्हांस शंका नाही. पण रडले की बूट सुटतात हा धडा बाळ फार लवकर शिकते, आणि मग रोजची रात्र लढाईची होते. उलट झोपेची वेळ म्हणजे बुटांची वेळ असा नेम पहिल्यापासून पाळला, तर दात घासण्यासारखी ती सवय होऊन जाते.

बूट घालण्याची रीतही सांगतो. पातळ सुती मोजा सुरकुती न पडता घालावा. बाळाचा गुडघा वाकवून टाच बुटात पुरती खाली बसवावी, आणि आधी मधला पट्टा घट्ट आवळून मग बाकीचे बांधावे. टाच बसली की नाही हे पाहण्यास बहुतेक बुटांना मागे भोक असते. अधिक वाकडे पाऊल आधी घालावे. प्रथम काही दिवस मोजा काढून पाऊल वरचेवर तपासावे. थोडा लालसरपणा चालतो. फोड किंवा लालभडक चट्टा दिसला तर समजावे की टाच बुटात सरकते आहे. पुष्कळ लोक अशा वेळी पट्टा सैल करतात. वस्तुतः तो सैल असल्यानेच फोड येतो. चट्ट्यावर तेल-मलम चोळू नये, डॉक्टरांस दाखवावे. मोकळ्या तासात बाळाला खुशाल तेल लावून न्हाऊ घालावे. मात्र पावले पुसून कोरडी करूनच बूट चढवावेत. मालिश करणाऱ्या बाईने आपल्या मताने पाऊल ओढू-वळवू नये, हेही बजावून ठेवावे. बोटे बुटाच्या कडेबाहेर वळू लागली की मोठे बूट घ्यावेत.

टाच बुटात बसेनाशी झाली, चवडा पुन्हा आत वळू लागला किंवा चालताना टाच टेकेना, तर दोष उलटू लागला असे समजून ताबडतोब दाखवावे. वेळेवर गेले तर दोन-तीन प्लॅस्टरांत काम भागते. उशीर झाला तर शस्त्रक्रियेचा प्रसंग येतो.

खर्चाचे काय?

युगांडात मिखिएल स्टीनबीक यांनी चामडे, लाकूड आणि लोखंडी सळई यांपासून तेथील कारागिरांना बनवता येईल असा स्वस्त ब्रेस तयार केला. गरीब देशांत त्याचा मोठा उपयोग झाला. आपल्याकडे २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात वाकड्या पावलाचा समावेश आहे. तेव्हा अंगणवाडीत, आरोग्य केंद्रात किंवा जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी. खर्चाच्या धाकाने मूल घरी ठेवू नये.

शेवटी एक विनंती, आणि ती आईबापांना नसून आपणां सर्वांना आहे. वाटेत, लग्नघरात, आगगाडीत दांडीचे बूट घातलेले बाळ दिसेल, तेव्हा ‘अरेरे, काय झाले बिचाऱ्याला?’ असे म्हणू नका. तिऱ्हाइताच्या अशा हळहळीने कित्येक आया बाहेर जाताना बूट काढून ठेवतात, आणि एकदा काढलेले बूट रात्रीही चढत नाहीत. त्याऐवजी म्हणा, ‘छान बसलेत हो बूट! किती महिने झाले?’ त्या माउलीची ती रात्र थोडी सोपी जाईल. डॉक्टरांचे काम दोन-तीन महिन्यांत संपते. चार वर्षांचे काम तिचे आहे. त्यात आपल्या चार शब्दांचा आधार लाभला, तरी या व्याख्यानाचे सार्थक झाले असे आम्ही समजू.