बेवारस आणि दाता

डॉक्टर कोणाच्या देहावर शिकतो, हा प्रश्न सभ्य माणसे सहसा विचारीत नाहीत. आमचे आयुष्य जिनिंग-प्रेसिंगच्या कामगारांत गेले, त्यामुळे आम्हांला तो पडतो.

इंग्लंडात पूर्वी विच्छेदनासाठी फाशी गेलेल्या खुन्यांची प्रेते मिळत. ती पुरेनात, तेव्हा थडगी उकरण्याचा धंदा सुरू झाला. एडिंबरोत १८२८ साली बर्क आणि हेअर ह्या दोघांनी तर उकरण्याचेही कष्ट वाचविले. सोळा जिवंत माणसे मारली आणि त्यांचे देह शरीररचना शिकविणाऱ्या डॉक्टराला विकले. पुढे १८३२ साली कायदा झाला. गरीबखान्यात मेलेला आणि ज्याला न्यायला कोणी आले नाही, असा देह शिक्षणासाठी द्यावा, असे ठरले. जी शिक्षा काल खुनाला होती, ती दारिद्र्याला लागू झाली!

आपल्याकडेही मुंबई प्रांताने १९४९ साली बेवारस देहांसाठी कायदा केला. बेवारस म्हणजे कोण? फलाटावर मेलेला हमाल, इस्पितळात एकटा गेलेला परगावचा मजूर. त्याला कोणी विचारले नव्हते. देहदानाचे महत्त्व आम्हांला येथे वाटते : दाता स्वतः ‘हो’ म्हणतो.

आपल्या धर्मात हे बसत नाही, असे काहीजण म्हणतात. सुश्रुताने प्रेत मुंज गवतात गुंडाळून, पिंजऱ्यात घालून, सात रात्री वाहत्या पाण्यात ठेवावे आणि मग थर थर सोलून पाहावे, असे सांगितले आहे. मधली शतके आपण शिवाशिवीत घालविली. १८३६ साली कलकत्त्यास मधुसूदन गुप्तांनी प्रेतावर सुरी चालविली, तेव्हा तो मोठा धाडसाचा प्रकार ठरला. आणि पक्षाचे म्हणाल, तर २०१० च्या जानेवारीत कम्युनिस्ट ज्योती बसूंचा देह कलकत्त्याच्या इस्पितळाला गेला, तर फेब्रुवारीत संघाचे नानाजी देशमुख, आपले मराठवाड्यातले, ह्यांचा दिल्लीच्या एम्सला. एरवी ह्या दोघांचे कशात जमले असते, देव जाणे.

महाविद्यालयात मांडीच्या रोहिणीतून फॉर्मॅलिनचे द्रावण देहात भरतात, त्यामुळे तो कित्येक महिने टिकतो. त्यावर विद्यार्थी नस कोठून जाते, ती किती खोल असते, हे बोटांनी शिकतात. पुस्तकातली नस सगळ्यांची सारखी असते, माणसांची नसते. नवी शस्त्रक्रिया जिवंत माणसावर करण्याआधी सर्जनही अशाच देहावर हात बसवितात.

अकोल्यास शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २००२ साली निघाले, तेव्हा जठारपेठेतल्या मंडळींना फार लांब जावयास नको. शरीररचनाशास्त्र विभागात अर्ज मिळतो. मात्र अर्ज भरून कपाटात ठेवला की झाले, असे नव्हे. देह पोचविणार नातेवाईक. त्यांनी ऐनवेळी नको म्हटले, तर दात्याची सही तशीच राहते. म्हणून बायको, मुले, सुना, सर्वांना बसवून आधीच सांगावे. मृत्यूनंतर लवकर, काही तासांतच देह पोचला पाहिजे. डॉक्टरचा मृत्यूचा दाखला बरोबर हवा. पोस्टमॉर्टेम झालेला किंवा एड्ससारख्या संसर्गाचा देह घेत नाहीत. नेत्रदान आधी करता येते. देह सहसा परत मिळत नाही; दहावे-तेरावे करणाऱ्यांना कोणी अडवीत नाही.