स्मरणांत राहणारें हॉटेल

एखादें हॉटेल वास्तूमुळें भव्य ठरतें. परंतु स्मरणांत राहतें तें आतिथ्यामुळें. मुंबईच्या अपोलो बंदरावरील ताजमहाल हॉटेल याची साक्ष देतें. जमशेटजी टाटांनीं उभारलेलें हें हॉटेल १९०३ सालीं उघडलें. समोरील 'गेटवे ऑफ इंडिया'ची कमान पुरी झाली ती १९२४ सालीं. मूळ आराखडा सीताराम खंडेराव वैद्य व डी. एन. मिर्झा यांचा. बंदराकडे तोंड असलेला तेथील हार्बर बार १९३३ पासूनचा.

२६ नोव्हेंबर २००८ रोजीं दहशतवादी आंत शिरले, तेव्हां सेवकवर्गाला बाहेरच्या वाटा ठाऊक होत्या. तरीही अनेकांनीं आधीं पाहुण्यांस वाट दाखविली, व कांहींनीं त्यांतच प्राण वेंचले. १५ ऑगस्ट २०१० रोजीं जुनी इमारत पुन्हां उघडली. तेथें चहा घेणाऱ्या प्रवाशानें त्या सेवकांचें क्षणभर स्मरण करावें.