कुलूप लावलं, पण किल्ली कुठंय?

रविवारी सकाळी समोरच्या बिऱ्हाडातली ताई धावतच आमच्याकडे आली. "काका, लवकर चला! आमचा लॅपटॉप उघडतच नाहीये. नुसता निळा पडदा येतो आणि किल्ली मागतो!"

जाऊन बघतो तर खरंच की! आदल्याच दिवशी लॅपटॉप दुरुस्त होऊन आला होता. त्याचा मदरबोर्ड बदलला होता. आता तो एक लांबलचक आकडा मागत होता आणि तो आकडा घरात कुणालाच ठाऊक नव्हता. ताईचे बाबा म्हणाले, "अहो, असलं कुलूप आम्ही कधी लावलंच नाही!" तेवढ्यात आतून आजींचा आवाज आला, "अरे, ह्यांचे फोटो त्यातच आहेत ना?"

सगळे एकदम गप्प झाले.

दोस्तांनो, हे कुलूप बऱ्याच नव्या लॅपटॉपवर पहिल्या दिवसापासून आपोआप लागलेलं असतं, बरं का! त्याला म्हणतात एन्क्रिप्शन. ते चांगलं की वाईट? चला, आज दोन्ही बाजू तपासू या. आणि हो, हा लेख आईबाबांनाही वाचायला द्या.

कुलूप म्हणजे नक्की काय?

'च'ची भाषा तुम्ही बोलला असालच. ज्याला युक्ती ठाऊक त्याला सगळं कळतं, बाकीचे नुसते तोंडाकडे बघत बसतात. एन्क्रिप्शन ही त्याचीच थोरली बहीण.

एक सोपी युक्ती बघा. प्रत्येक अक्षराऐवजी बाराखडीतलं पुढचं व्यंजन लिहायचं. 'गवत' लिहायचं असेल तर ग चा घ, व चा श, त चा थ. झालं 'घशथ'! इथे 'एक घर पुढे' ही झाली किल्ली. रोमचा ज्युलियस सीझर आपल्या पत्रांत असंच करायचा. तो तीन घरं पुढे जायचा.

पण ही युक्ती फारच कच्ची. क पासून ळ पर्यंत व्यंजनं ३४, म्हणजे किल्ल्या फक्त ३३. एका दुपारी सगळ्या वापरून बघता येतील! आजच्या लॅपटॉपमध्ये असते 'एईएस' नावाची पद्धत. बेल्जियमच्या योआन डेमन आणि व्हिन्सेंट रायमन या दोघांनी ती तयार केली आणि २००१ साली अमेरिकेने ती प्रमाण म्हणून स्वीकारली. तिच्या सगळ्यांत लहान प्रकारातही किल्ल्या किती असू शकतात? एकावर ३८ शून्यं द्या. त्या संख्येच्या तिपटीहूनही जास्त! एकेक करून वापरत बसलात तर जन्म पुरणार नाही.

गंमत म्हणजे ही पद्धत गुपित नाही. ती कशी चालते ते कुणीही वाचू शकतं. गुपित असते ती फक्त किल्ली.

पण पासवर्ड आहे की!

"आमच्या लॅपटॉपला पासवर्ड आहे, मग वेगळं कुलूप कशाला?" असं तुम्ही विचाराल. प्रश्न बरोबर आहे.

नुसता पासवर्ड म्हणजे दारावरचा रखवालदार. तो ओळख विचारतो आणि मगच आत सोडतो. पण चोराने दार सोडून भिंतच फोडली तर? म्हणजे लॅपटॉपमधली डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडली तर? रखवालदार दाराशीच उभा राहील आणि इकडे सगळ्या फाइली उघड्या! एन्क्रिप्शन केलेलं असलं की भिंत फोडूनही चोराच्या हाती काय लागतं? नुसतं 'घशथ'!

कुलपाच्या बाजूने

२००६ सालच्या मे महिन्यात अमेरिकेतल्या मेरीलँडमध्ये एका सरकारी कर्मचाऱ्याच्या घरी चोरी झाली. त्यात एक लॅपटॉप आणि जोडीची डिस्क गेली. ही डिस्क साधीसुधी नव्हती. तिच्यात सुमारे २ कोटी ६५ लाख लोकांची नावं, जन्मतारखा आणि सरकारी ओळख क्रमांक होते. बहुतेक सगळे माजी सैनिक. आणि कुलूप? नव्हतंच! जूनमध्ये वस्तू परत मिळाल्या. माहिती कुणी उघडल्याची खूणही तपासात सापडली नाही. पण तोवर लाखो घरांना घोर लागला होता. पुढे २००९ साली खटला मिटवताना सरकारने २ कोटी डॉलर द्यायचं कबूल केलं. कुलूप असतं तर चोरीला गेलं असतं फक्त यंत्र.

आपल्या लॅपटॉपमध्ये काय असतं? आधार कार्डाची प्रत, बँकेची कागदपत्रं, घरचे फोटो, कदाचित तुमची डायरीसुद्धा. लॅपटॉप लोकलमध्ये राहिला, दुकानात दुरुस्तीला दिला किंवा जुना म्हणून विकला, तरी कुलूप असलं की काळजी कमी. कुलपामुळे लॅपटॉप फार मंद होतो अशी जुनी तक्रार आहे. आजच्या बहुतेक प्रोसेसरमध्ये या कामाची सोय आतच असते, त्यामुळे रोजच्या वापरात फारसा फरक जाणवत नाही.

कुलपाच्या विरुद्ध

आता दुसरी गोष्ट ऐका. सॅन फ्रान्सिस्कोच्या स्टीफन थॉमस या प्रोग्रॅमरकडे ७,००२ बिटकॉइन होते. त्यांची किल्ली त्याने कुलूपबंद पेनड्राइव्हमध्ये ठेवली आणि पेनड्राइव्हचा पासवर्ड कागदावर लिहिला. तो कागदच हरवला! दहा वेळा चुकलं की हा पेनड्राइव्ह कायमचा बंद होतो. २०२१ च्या जानेवारीत ही बातमी जगभर झाली, तेव्हा त्याचे आठ प्रयत्न संपले होते आणि आत अडकलेल्या ऐवजाची किंमत होती सुमारे २२ कोटी डॉलर.

यातला धडा साधा आहे. चांगलं कुलूप चोर आणि मालक असा भेद करत नाही. ज्याच्याकडे किल्ली नाही, तो त्याच्या लेखी परका!

आणखी दोन गोष्टी. डिस्क बिघडली तर कुलूपबंद फाइली परत मिळवणं जास्त कठीण जातं. आणि लॅपटॉप चालू असताना कुलूप उघडंच असतं. तेव्हा व्हायरस आला किंवा तुम्ही भलत्याच दुव्यावर क्लिक केलंत, तर एन्क्रिप्शन वाचवत नाही. उलट २०१७ च्या मे महिन्यात 'वॉनाक्राय' नावाच्या व्हायरसने हेच कुलूप लोकांच्या फाइलींना लावलं आणि किल्लीसाठी पैसे मागितले! कुलूप तेच, फक्त किल्ली चोराच्या खिशात.

मग करायचं काय?

लॅपटॉप घराबाहेर जात असेल तर माझं मत कुलपाच्या बाजूने. पण तीन अटींवर.

पहिली अट: आधी महत्त्वाच्या फाइलींची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवा. ती डिस्क घरातल्या कपाटात कुलूपबंद राहू द्या.

दुसरी अट: किल्ली कागदावर लिहा. विंडोजच्या 'बिटलॉकर'ची सुटकेची किल्ली ४८ आकडी असते. ती पाठ होणार आहे थोडीच! कागद रेशनकार्डाच्या फाइलीत ठेवा. लॅपटॉपच्या पिशवीत मात्र मुळीच नको.

तिसरी अट: घरातल्या दोघांना तरी किल्लीची जागा ठाऊक हवी. मुलांनो, आईबाबांना न सांगता घरच्या लॅपटॉपला कुलूप लावू नका. आणि आईबाबा, मुलांच्या डायरीची फाइल वेगळ्या कुलपात असली तर रागावू नका. त्या किल्लीचं पाकीट बंद करून तुमच्याकडे द्यायला सांगा आणि ते बंदच राहू द्या!

कॉम्प्युटर घरातच असतो आणि त्यात फक्त फोटो आणि गाणी आहेत? मग कुलपाविना चालेल, पण दुसऱ्या प्रतीविना नाही. आणि तुमच्याकडे कुलूप आधीच लागलंय का, ते आजच बघा. विंडोजमध्ये 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' किंवा 'बिटलॉकर' आणि ॲपलच्या लॅपटॉपमध्ये 'फाइलव्हॉल्ट' या नावाने सेटिंग्जमध्ये शोधा.

ताईच्या घरी काय झालं? असली किल्ली बहुधा लॅपटॉप सुरू करताना जोडलेल्या खात्यात साठवलेली असते. हा लॅपटॉप तिच्या आतेभावाने सुरू करून दिला होता, पण कुठलं खातं वापरलं ते त्याला आठवेना. आम्ही तीन खाती धुंडाळली. किल्ली मिळाली नाही. ताईच्या मामाकडे एका लग्नातले आजोबांचे चाळीसएक फोटो होते, तेवढे परत आले. बाकीचे गेले. आता त्या घरात नव्या किल्लीचा कागद आजींच्या पोथीच्या कापडात गुंडाळलेला असतो, आणि तो कुठे आहे ते सगळ्यांना ठाऊक आहे.

जाता जाता एक कोडं. किल्ली तीच, 'एक घर पुढे'. मग उन्हाळ्यात घरी आलेल्या पाहुण्याला आपण 'हलभथ' देतो, म्हणजे काय देतो?