रोजच्या चालण्यासाठी चप्पल कशी असावी?

टाच दुखते म्हणून कोणी आले, की मी दवाखान्याबाहेर काढून ठेवलेली त्यांची चप्पल आधी मागवून घेतो. पुष्कळदा निम्मे निदान तिथेच होते. टाचेखालचा तळ पार झिजलेला असतो, चप्पल एका बाजूला कललेली असते आणि पट्टे सैल पडलेले असतात.

रबरी स्लिपर, म्हणजे आपली हवाई चप्पल, स्वस्त आणि धुवायला सोपी. घरात, अंगणात ती ठीक आहे; पण मैल-दोन मैल चालण्यासाठी ती नाही. तिला मागून आधार नसतो. ती सुटू नये म्हणून पायाची बोटे प्रत्येक पावलाला आवळली जातात आणि पाऊल आखूड पडते. तळ पातळ व सपाट असल्याने टाचेपासून बोटांकडे जाणाऱ्या तळव्याच्या जाड पडद्यावर ताण येतो. हा पडदा दुखावला, की सकाळी उठून पहिली पावले टाकताना टाचेत कळ येते.

मग चप्पल निवडावी कशी? दिवसभरात पाय थोडे सुजतात, म्हणून खरेदी संध्याकाळी करावी. दोन्ही पाय अगदी सारखे नसतात. मोठ्या पायाचे माप धरावे. टाच किंवा बोटे तळाबाहेर येता कामा नयेत. चप्पल हातात घेऊन वाकवून पाहावी. ती बोटांच्या मुळाशी वाकावी, मध्येच दुमडू नये. टाचेची जागा अंगठ्याने दाबल्यावर किंचित दबून पुन्हा वर यावी. तळाला खाचा असाव्यात आणि शक्यतो मागे पट्टा असावा.

पावसाळ्यात ओली चप्पल दिवसभर वापरल्याने बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात. घरी येताच पाय धुऊन बेचके कोरडे करावेत.

मधुमेहींना मात्र माझे आग्रहाचे सांगणे आहे. चालताना चप्पल पायातून निसटली तरी कळत नसेल, तर पायाची संवेदना कमी झाली आहे असे समजावे आणि लगेच डॉक्टरांना दाखवावे. अशा पायाला खडा टोचला तरी दुखत नाही. जखम चिघळते आणि कधी पाय गमावण्याची वेळ येते. त्यांनी अंगठ्याची चप्पल टाळावी. मऊ एमसीआर रबराचा आतला तळ आणि मागे पट्टा असलेली चप्पल घ्यावी, घालण्यापूर्वी ती झटकावी आणि रोज रात्री तळवे पाहावेत.

आज घरातल्या साऱ्या चपला सपाट फरशीवर ठेवून मागून पाहा. जी एका बाजूला कलते, ती तुटली नसली तरी चालण्यातून बाद करा.