घरचं आरोग्य (भाग ६) : तापाचं औषध, नेमकं किती?

मागच्या आठवड्यात जुलाबांचं पाहिलं, आता ताप. घाटावर असो की घाटाखाली, लेकराचं अंग तापलं की दोन गोष्टी हमखास होतात. टोपी-स्वेटर चढवून वर गोधडी, आणि मागच्या दुखण्यात उरलेली बाटली फडताळातून बाहेर. गोधडीचं सोपं आहे : हुडहुडी असेल तोवर पांघरा, ती थांबली की सुती सदरा पुरे. बाटलीचं मात्र नीट समजून घ्यायला हवं.

पॅरासिटामॉलचा डोस ठरतो वजनावर, किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम. दहा किलोचं लेकरू धरा. एका वेळी त्याला जास्तीत जास्त १५० मिलिग्रॅम चालेल. बाटलीवर ‘५ मिलीत १२५’ लिहिलं असेल तर ते झालं ६ मिली. ‘५ मिलीत २५०’ असेल तर ३ मिली. आणि बाळांसाठीचे थेंब, ज्यांच्या १ मिलीत १०० मिलिग्रॅम असतं, ते फक्त दीड मिली. मेडिकलवर तिन्ही ‘तापाचं औषध’ म्हणूनच मिळतात. शेजारच्या काकूंनी सांगितलेला ‘एक चमचा’ त्यांच्या बाटलीचा होता, तुमच्या नव्हे! शिवाय स्वयंपाकघरातला चमचा हे माप नव्हेच. बाटलीसोबतचं मापाचं झाकण वापरा. दोन डोसांत चार ते सहा तास जाऊ द्या, दिवसभरात चारच्या वर नको. सर्दीच्या काही औषधांतही पॅरासिटामॉल असतं. दोन्ही दिलीत तर डोस वाढतो आणि भार यकृतावर पडतो. तीन महिन्यांखालच्या बाळाला घरी काहीच देऊ नका, ताप १००.४ फॅरनहाइट झाला की थेट दवाखाना.

मोठ्यांची गोळी अर्धी करून देणं तर बंदच करा. निमेसुलाइडवर १२ वर्षांखालच्या मुलांसाठी २०११ पासून बंदी आहे. ॲस्पिरिनही नको.

मुळात ताप ही शरीराची लढाई आहे. १०१ ताप असून लेकरू खेळत असेल, पाणी पीत असेल, तर त्याला झोपेतून उठवून औषध पाजायची गरज नाही. किरकिर करतंय, अंग दुखतंय, तेव्हा द्या. पुसायचं तर कोमट पाण्याने. बर्फाने अंग थरथरतं आणि आतली उष्णता वाढते. तळपायाला कांद्याचा रस लावल्याने माझ्या मते फार काही बिघडत नाही, घडतही नाही.

घाटाखालच्या मे महिन्यात मात्र हे गणित उलटं होतं. उन्हात राहून अंग भट्टीसारखं तापलं आणि लेकरू बरळू लागलं, तर तो उष्माघात असू शकतो. तिथे पॅरासिटामॉल निरुपयोगी. सावलीत न्या, गार पाणी अंगावर घाला, पंखा लावा आणि लगेच दवाखाना गाठा.

पावसाळ्यात डेंग्यूची शंका असेल तर आयबुप्रोफेन, मेफेनॅमिक ॲसिड टाळा. रक्तस्रावाचा धोका वाढतो. डेंग्यूत खरी काळजी ताप उतरतो तेव्हाच, तिसऱ्या ते सातव्या दिवसात. पोट दुखणं, सतत उलट्या, हातपाय गार पडणं दिसलं तर ‘ताप गेला’ म्हणून घरी बसू नका.

लेकरू पाणी पीत नाही, सहा तास लघवी नाही, श्वास जोरात चालतोय, झटका आला, मान आखडली, यातलं एकही दिसलं तर १०८ ला फोन करा. थर्मामीटर काय म्हणतो ते पाहत थांबू नका.