आपली नोंद आधी आपण पाहावी

ट्रक किंवा टँकरवर ड्रायव्हर म्हणून ठेवताना जो अर्ज भरून घेतात, त्यात नाव, पत्ता, लायसनचा नंबर झाला की एक रकाना येतो : तुमच्याविरुद्ध कोणताही गुन्हा दाखल आहे काय? अनेक ड्रायव्हर त्यापुढे ‘नाही’ लिहितात आणि लिहिताना ते खोटं बोलत नसतात. चोरी केली नाही, कधी आत गेलो नाही, म्हणजे आपल्यावर गुन्हा नाही, असा त्यांचा सरळ हिशेब असतो. पोलीस ठाण्यातल्या आणि कोर्टातल्या नोंदींशी हा हिशेब जुळेलच असं नाही. पुणे–हैदराबाद आणि धुळे–विजयपूर हे दोन मोठे रस्ते ज्या शहरापाशी एकमेकांना छेदतात, तिथे हजारो घरं स्टिअरिंगवर चालतात. अशा सोलापुरात ही गोष्ट सविस्तर सांगण्यासारखी आहे. मालक किंवा कंपनी आपली नोंद काढण्याआधी ती ड्रायव्हरने स्वतः काढून पाहावी, असं माझं ठाम मत आहे. त्याचं मुख्य कारण ड्रायव्हरच्या स्वभावात शोधू नये. ते त्याच्या धंद्यात आहे.

रस्त्यावर अपघात झाला आणि कुणी जखमी झालं की गुन्हा दाखल होतो, आणि बहुधा तो मोठ्या गाडीच्या चालकावर होतो. यात पोलिसांचा आकस असतोच असं नाही. जखमीला किंवा मृताच्या घरच्यांना मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात भरपाई मागायची असते, तिथे विमा कंपनी आधी फिर्यादीची प्रत मागते. म्हणून चूक कुणाची हे ठरण्याआधीच चालकाचं नाव आरोपीच्या रकान्यात बसलेलं असतं. समजा, मोहोळजवळ दुचाकीला धक्का लागला, एकाचा पाय मोडला, मालकाने दवाखान्याचा खर्च दिला, दोन्हीकडच्या चार माणसांनी बसून विषय संपवला. ड्रायव्हरच्या लेखी केस मिटली. कायद्याच्या लेखी ती अर्धीच मिटली. दुखापतीच्या कलमात जखमी माणसाला तडजोड करता येते, पण बेदरकारपणे वाहन चालवण्याचं कलम तडजोडीने सुटत नाही. १ जुलै २०२४ पूर्वीच्या घटनांना ते भारतीय दंड संहितेचं २७९ आहे, त्यानंतरच्या घटनांना भारतीय न्याय संहितेचं २८१. दोन्हीकडे शिक्षा सारखीच : सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

त्या हजार रुपयांपाशीच खरी मेख आहे. तारखेला जायचं तर दोन ट्रिपा बुडतात, भाडं जातं, मालक कुरकुरतो. मग कुणीतरी सल्ला देतं : कबूल करून टाक, दंड भर, मोकळा हो. न्यायाधीश विचारतात, गुन्हा कबूल आहे का. ड्रायव्हर ‘हो’ म्हणतो, दंड भरतो, पावती खिशात घालून त्याच संध्याकाळी गाडीवर जातो. पण त्या ‘हो’ने तो दोषी ठरलेला असतो. ती शिक्षाच आहे, दंडापुरती असली तरी. पुढे एखाद्या अर्जात ‘तुम्हाला न्यायालयाने कधी शिक्षा केली आहे काय’ असं विचारलं, तर खरं उत्तर ‘होय’ हेच. दारू पिऊन गाडी चालवल्याच्या खटल्यात किंवा जुगाराच्या छाप्यातल्या खटल्यात कबुली दिली, तरी हेच होतं. एक दिलासा इथेच देऊन ठेवतो. रस्त्यावर किंवा कॅमेऱ्यावर झालेल्या ई-चलनाचं तडजोड शुल्क भरलं की ते प्रकरण तिथेच संपतं. त्याला कुणी शिक्षा म्हणत नाही. चलन आणि खटला यांची गल्लत करून घाबरण्याचं कारण नाही.

दुसरा घोळ गैरहजेरीचा. ड्रायव्हर आज इंदूरला, परवा चेन्नईला. समन्स जातं ते लायसनवरच्या जुन्या पत्त्यावर, तिथे भाऊ राहत असतो किंवा आता कुणीच राहत नसतं. दोन-चार तारखा चुकल्या की वॉरंट निघतं. अपघात विजयपूर किंवा कलबुर्गीकडे झाला असेल तर ते वॉरंट कर्नाटकातल्या ठाण्यात पडून राहतं, आणि सोलापुरात राहणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो.

आता ‘मला माहीतच नव्हतं’ हे उत्तर कितपत चालतं ते पाहू. २१ जुलै २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात सरकारी नोकरीतल्या पडताळणीबद्दल नियम घालून दिले. अर्जात दिलेली माहिती खरी असली पाहिजे. किरकोळ स्वरूपाचं प्रकरण लपवलं गेलं तर नेमणूक करणारा अधिकारी ते माफ करू शकतो. अर्जात नेमकं विचारलं नसेल तर ‘लपवलं’ असा आरोप ठेवता येत नाही. आणि इथे मुद्दाम थांबून वाचण्यासारखं कलम असं, की खटला प्रलंबित होता पण उमेदवाराला ठाऊक नव्हता, तरीही त्याचा विपरीत परिणाम होऊ शकतो. गुन्ह्याचं गांभीर्य पाहून अधिकारी निर्णय घेईल. म्हणजे अज्ञानाने माणूस खोटारडा ठरत नाही, पण त्याची नोकरी अधांतरी होते. एसटी महामंडळात किंवा सरकारी गाडीवर चालक होऊ पाहणाऱ्याला हा निकाल थेट लागू पडतो. खासगी ट्रान्सपोर्ट कंपनीला त्याचं बंधन नाही, आणि ड्रायव्हरच्या दृष्टीने हे आणखी वाईट. तिथे कारण न सांगताही ‘नंतर कळवतो’ म्हणता येतं.

यावर सोलापुरातला जुना ड्रायव्हर म्हणेल, की आमच्याकडे कामं ओळखीवर मिळतात, कागद कोण बघतो? एका मालकाच्या दोन-तीन गाड्या असतील तर हे आजही बऱ्याच अंशी खरं आहे. उसाच्या हंगामात कारखान्याच्या वाहतुकीत कुणी चारित्र्याचा दाखला मागत बसत नाही. पण बरी नोकरी, म्हणजे दरमहा पगार, भविष्य निर्वाह निधी, विमा असलेली, ज्या ठिकाणी आहे तिथे ओळख पुरत नाही. हिंदुस्थान पेट्रोलियमची मुंबई–पुणे–सोलापूर पाइपलाइन पाकणीला येऊन संपते. तिथून टँकर भरून निघतात. ज्वालाग्राही माल नेणाऱ्या चालकाच्या लायसनवर वेगळा शेरा लागतो, त्यासाठी प्रशिक्षण लागतं, तीन वर्षांनी नूतनीकरण लागतं, आणि माणूस कोण आहे याची पोलीस पडताळणीही मागितली जाते. मोठ्या कुरिअर आणि ऑनलाइन विक्रीच्या कंपन्या तर पडताळणीचं काम बाहेरच्या संस्थांना देतात. त्या संस्था संगणकावर कोर्टाच्या नोंदीत नाव घालून बघतात. तिथे जे दिसतं ते ड्रायव्हरला कधी दाखवलं जात नाही. ज्याला ओळखीच्या कामातून वर सरकायचं आहे, त्याच्याच वाटेत हा अडथळा येतो.

दुसरी हरकत जास्त खोल आहे : झाकली मूठ सव्वा लाखाची. आपण होऊन ठाण्यात कशाला जायचं, नसती बिलामत मागे लावून घ्यायची? ही भीती निराधार आहे असं मी म्हणणार नाही. पण ही मूठ आता आपल्या हातात राहिलेलीच नाही. जिल्हा न्यायालयांचे खटले ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर आणि ॲपवर कुणालाही पाहता येतात. २०१६ सालीच सर्वोच्च न्यायालयाने संवेदनशील प्रकरणं वगळून फिर्यादी संकेतस्थळावर टाकायला सांगितलं. पोलीस ठाणी जोडणाऱ्या सीसीटीएनएस प्रकल्पाला केंद्राने २००९ मध्ये मंजुरी दिली, तेव्हापासून नोंदी कपाटातून संगणकात येत गेल्या. आपल्याविषयीची माहिती बाकीच्यांना दिसते आणि आपल्यालाच दिसत नाही, ही स्थिती सर्वांत धोक्याची. शिवाय बराचसा शोध ठाण्याची पायरी न चढता घेता येतो.

सुरुवात लायसनपासून करावी, कारण ते सोपं आहे. परिवहन खात्याच्या सारथी या संकेतस्थळावर लायसन क्रमांक आणि जन्मतारीख घातली की ते चालू आहे की निलंबित, आणि मालवाहू वाहनाची मुदत कधीपर्यंत आहे, ते कळतं. न्यायालयाने किंवा आरटीओने अपात्र ठरवलं असेल तर मोटार वाहन कायद्याच्या २४व्या कलमानुसार लायसनवर शेरा मारला जातो. तो कायमचा असतो असं अनेकांना वाटतं. २५वं कलम मात्र सांगतं, की शेवटच्या शेऱ्यानंतर सलग तीन वर्षं नवा शेरा पडला नाही, तर कोरं लायसन मागण्याचा हक्क आहे. केवळ वेगमर्यादेच्या गुन्ह्याचा शेरा असेल तर एका वर्षानंतरच. हा हक्क आपोआप मिळत नाही, त्यासाठी अर्ज करावा लागतो.

कोर्टाचा शोध चिकाटीचा आहे. ई-कोर्ट्सवर राज्य, जिल्हा, न्यायालय निवडून पक्षकाराचं नाव आणि वर्ष घालायचं. सोलापूर शहराचं न्यायालय पाहून थांबू नये. मोहोळ, माढा, पंढरपूर, अक्कलकोट, बार्शी आणि जिथे जिथे गाडी अडली होती तिथली कोर्टं वेगवेगळी पाहावी लागतात. जाधव, शेख, गायकवाड अशी आडनावं इंग्रजीत दोन-तीन तऱ्हांनी लिहिलेली सापडतात, ती सगळी घालून बघावीत. याचीच उलट बाजू म्हणजे नामसाधर्म्य. त्याच नावाचा दुसराच माणूस आरोपी असेल, तर वडिलांचं नाव, वय, पत्ता ताडून त्या खटल्याचा क्रमांक लिहून ठेवावा. कंपनीने विचारण्याआधी उत्तर हाताशी असतं.

मग पोलिसांचं चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र. त्याचा अर्ज ऑनलाइन होतो. शहरात राहणाऱ्याचा पोलीस आयुक्तालयाकडे, तालुक्यातल्याचा सोलापूर ग्रामीणच्या अधीक्षकांकडे. हे प्रमाणपत्र उपयोगाचं आहे, पण त्याची मर्यादा ओळखून असावं. ते त्या तारखेपुरतं असतं आणि त्याचा मुख्य भर आपण राहतो तिथल्या ठाण्याच्या नोंदींवर असतो. तेलंगणातली एखादी फिर्याद त्यात उतरेलच याची खात्री नाही. परदेशी ड्रायव्हरकीसाठी जाणाऱ्याला लागतं ते प्रमाणपत्र वेगळं. ते पासपोर्ट कार्यालय देतं.

आता सर्वांत गंभीर हरकत. हा सगळा व्याप गरीब माणसानेच का करावा? नोंद ठेवते सरकार, चुकते यंत्रणा, आणि हेलपाटे ड्रायव्हरला? सोलापुरात या प्रश्नाला वेगळीच धार आहे. इथल्या एका वस्तीला आजही ‘सेटलमेंट’ म्हणतात. इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली पारधी, कैकाडी, मांग-गारुडी अशा जमातींना तारेच्या कुंपणात ठेवलं जाई, रोज हजेरी घेतली जाई, आणि त्याच कुंपणातून गिरण्यांना कामगार पुरवले जात. जन्माला आलेलं मूल गुन्हेगाराच्या यादीतच जन्माला येई. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला, जमाती विमुक्त झाल्या. संशयाची सवय मात्र त्या तारखेला संपली नाही. मे २०२४ मध्येही सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं, की केवळ मागास किंवा दुर्बल समाजात जन्मला म्हणून निरपराध माणसाचं नाव पोलिसांच्या हिस्ट्रीशीटमध्ये यांत्रिकपणे घालू नये. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, तुरुंगातल्या जातिभेदाविरुद्धच्या निकालात, विमुक्त जमातींना जन्मजात सराईत समजण्याच्या तरतुदींवरही न्यायालयाने आघात केला.

म्हणून ही हरकत मला मान्य आहे, तिचा निष्कर्ष मान्य नाही. व्यवस्था बदललीच पाहिजे. ब्रिटनमध्ये १९७४च्या कायद्याने ठरावीक काळ लोटल्यावर बऱ्याच शिक्षा ‘सरलेल्या’ मानल्या जातात आणि सामान्य नोकरीत त्या सांगाव्या लागत नाहीत. अमेरिकेत १९७०च्या कायद्यामुळे पडताळणीच्या अहवालावरून नाकारण्यापूर्वी त्याची प्रत उमेदवाराला द्यावी लागते, म्हणजे चूक दाखवायला त्याला वाव मिळतो. आपल्याकडे खासगी नोकरीत असा कोणताही सर्वसाधारण कायदा नाही. तो व्हावा यासाठी वाहतूकदारांच्या आणि चालकांच्या संघटनांनी आवाज उठवायला हवा. जानेवारी २०२४ मध्ये हिट अँड रनच्या नव्या तरतुदीविरुद्ध देशभर गाड्या थांबल्या आणि ते उपकलम केंद्राने लागू करणं लांबणीवर टाकलं. चालकांच्या शब्दाला वजन आहे हे त्या वेळी दिसलं. पण कायदा होईपर्यंत ज्याचं पोट गाडीवर आहे त्याने नोंद न पाहता बसावं, हा सल्ला मी कुणाला देऊ शकत नाही. आणि जिथे संशय जन्मापासून चिकटवला गेला आहे, तिथे तर निर्दोष सुटल्याच्या निकालाची नक्कल घरात असणं सर्वांत जास्त गरजेचं आहे.

नोंद पाहून जे सापडेल त्यावर पुढचं पाऊल अवलंबून. पोलिसांनी तपासाअंती ‘ब’ किंवा ‘क’ समरी दिली असेल, म्हणजे फिर्याद खोटी किंवा गैरसमजातून झालेली ठरली असेल, तर न्यायालयाने ती मंजूर केली का हे पाहून त्या आदेशाची प्रत काढावी. निर्दोष सुटला असेल तर निकालाची प्रमाणित नक्कल. वॉरंट निघालं असेल तर वकिलामार्फत आपण होऊन हजर होणं, हे महामार्गावरच्या नाकाबंदीत पकडलं जाण्यापेक्षा केव्हाही बरं. कबुली देण्याचा विचार करत असाल तर आधी वकिलाला विचारा. परिवीक्षा कायदा, १९५८ खाली सोडलं गेलं तर दोषी ठरल्यामुळे येणारी अपात्रता लागत नाही, आणि हे दंड भरण्याआधी सांगणारा कुणीतरी हवा. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, त्यांची हेल्पलाइन १५१०० आहे. अर्जातल्या रकान्यातही मग नेमकं लिहिता येतं : फिर्याद झाली होती, दोषारोपपत्र गेलं की नाही, खटला चालू आहे की संपला, आणि संपला तर कसा.

नक्कल मिळायला वेळ लागतो. जुनं प्रकरण अभिलेख कक्षातून काढावं लागलं तर आणखीच. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गळीत हंगाम सुरू होतो, ड्रायव्हरची मागणी वाढते, आणि त्याच सुमारास दिवाळीसाठी कोर्टं बंद असतात. तेव्हा नकलेचा अर्ज श्रावण-भाद्रपदातच टाकलेला बरा.