खिडकीतला पानओवा

पोट फुगले की चिमूटभर ओवा चावायचा, हे आपल्या घरांत कुणाला सांगावे लागत नाही. त्याच वासाचे जाड, लवदार पान देणारे एक झाड आहे. कुणी त्याला पानओवा म्हणते, कुणी नुसते ओव्याचे झाड. फोडणीतला दाणा मात्र याचा नव्हे. दाण्याचे झाड निराळे, आणि हे तुळस-पुदिन्याच्या कुळातले. दोघांचा वास जुळतो, कारण दोघांत थायमॉल नावाचे द्रव्य असते. हे नाव ज्यावरून पडले ते थाइम भूमध्य समुद्राकाठचे. रोपवाटिकेत त्याचे रोप मिळते, पण त्याला रोज सहा तास ऊन हवे आणि आपल्या पावसाळ्यात ते पटकन कुजते. आमच्या मते वस्तीतल्या घराने त्याच्यामागे लागू नये. पानओवा कमी उन्हात भागवतो, आणि शेजारणीकडून फुकट मिळतो.

खिडकी पूर्वेची किंवा दक्षिणेची असली तर उत्तम. तीन-चार तास ऊन मिळाले तरी पुरते. पण आपल्याकडे भिंतीला भिंत लागलेली, खिडकी असलीच तर गल्लीत उघडणारी. अशा घरी कुंडी उंबऱ्याशी, जिन्याच्या कठड्यावर किंवा माळ्याच्या खिडकीत ठेवावी. फांद्या लांबट होऊन पाने विरळ येऊ लागली की उजेड कमी पडतो आहे असे समजावे. एप्रिल-मे महिन्यांत उलटा त्रास होतो. पत्र्याशेजारी ठेवलेले झाड तापून पिवळे पडते, तेव्हा दुपारी ते आत घ्यावे. गजांवर कुंडी ठेवली तर तारेने पक्की बांधा. खालच्या गल्लीत मुले खेळत असतात.

कुंडी विकत आणायची गरज नाही. खाद्यतेलाचा प्लास्टिकचा डबा कापून घ्या आणि तळाला पाच-सहा भोके पाडा. रंगाचे किंवा कीटकनाशकाचे डबे नकोत, कारण पाने पोटात जाणार आहेत. दोन भाग माती, एक भाग वाळू, एक भाग कुजलेले शेणखत. वीतभर फांदी गाठीखाली कापून खालची पाने काढावीत, काप अर्धा दिवस सावलीत सुकू द्यावा, मग दोन गाठी मातीत जातील अशी खोवावी. दोन-तीन आठवड्यांत मुळे धरतात. नंतर शेंडे खुडत राहिले की झाड पसरते, आणि खुडलेला शेंडा दुसऱ्या डब्यात लागतो.

हे झाड पाण्यावाचून फारसे मरत नाही, पाणी जास्त झाल्याने मरते. पान जाड आहे ते पाणी साठवण्यासाठीच. बोट मातीत खुपसावे, कोरडे लागले तरच पाणी द्यावे. ज्या घरी नळाला दिवसातून तासभर पाणी येते, त्या घराला हे झाड जड होत नाही. डाळ-तांदूळ धुतलेले पाणीही चालते. मात्र डब्याखालच्या ताटलीकडे लक्ष हवे. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवा डास उडतो. आठवड्यातून एकदा ताटली रिकामी करून घासून पुसा. अंडी कडेला चिकटून राहतात, नुसते पाणी ओतून जात नाहीत. ताटलीच नसली तर आणखी बरे.

फांदी घेताना नावावर जाऊ नका. पाथरचूर, पत्थरचट्टा ही नावे लोक पानओव्यालाही देतात आणि पानफुटीलाही. पानफुटीचे पान गुळगुळीत, त्याच्या कडेला इवली रोपे फुटतात, आणि ओव्याचा वास अजिबात नाही. तिच्यात हृदयावर परिणाम करणारी द्रव्ये असतात. म्हणून पान चुरगाळून हुंगावे. वास आला नाही तर ते ताटात नको.

खाण्यात पानओव्याची भजी सगळ्यांना आवडतात. बेसनात तिखट, मीठ, हळद. पान अख्खे बुडवून तळायचे. दोन पाने चिरून कढीत किंवा दह्याच्या चटणीत घाला. वास उग्र असल्याने सुरुवात थोड्यापासून करावी.

आता खोकल्याबद्दल. तीन-चार पाने उकळून केलेला कोमट काढा घशाला बरा वाटतो, हे खरे. पण त्याने आजार जातो असे आम्ही म्हणणार नाही. एक वर्षाखालच्या बाळाला त्यात मध घालून देऊ नये, आणि लहान मुलाला उकळत्या पातेल्यावर वाफ तर मुळीच देऊ नये. पातेले कलंडून मुले भाजतात. मुलाला खोकला असेल तर शांत असताना त्याचा श्वास पूर्ण एक मिनिट मोजा. दोन महिने ते एक वर्ष या वयात 50 किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत 40 किंवा जास्त भरला, किंवा श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, तर काढा बाजूला ठेवून दवाखाना गाठायचा.

मोठ्या माणसाचा खोकला दोन आठवडे राहिला तर तेच करायचे. संध्याकाळचा बारीक ताप, वजन घटणे, रात्री घाम, थुंकीत रक्त, यांतले काही असेल तर दोन आठवडेही थांबू नका. दाट वस्तीत, कोंदट खोलीत क्षयरोग एकाकडून दुसऱ्याकडे लवकर जातो, आणि घरगुती उपायांत गेलेला महिना घरातल्या सगळ्यांना महागात पडतो. सरकारी केंद्रात थुंकीची तपासणी आणि औषधे मोफत आहेत. उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी निक्षय पोषण योजनेत नोव्हेंबर 2024 पासून महिन्याला 1,000 रुपये बँक खात्यात मिळतात. म्हणून जाताना आधार कार्ड आणि पासबुक सोबत न्या. नेहमीच्या क्षयरोगाचे औषध बहुधा सहा महिने असते. दोन महिन्यांत बरे वाटले तरी ते डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय सोडायचे नाही, आणि सोबत काढा घेत असाल तर तेही त्यांना सांगा.